वाचक विचारतात : घरच्या वर्कशॉपला रंग कोणता द्यावा?

दिवाळीच्या तोंडावर घराच्या रंगाबद्दल पत्रं येतातच. यंदा त्यात गॅरेज आणि घरच्या वर्कशॉपची पत्रं बरीच निघाली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : बंगल्याच्या गॅरेजमध्ये गाडी न ठेवता सुतारकामाची जागा केली आहे. खोली १० बाय १८ फूट, उंची १० फूट. एक शटर, एक दार, एक खिडकी. पेंटर म्हणतो गडद राखाडी द्या, मळ दिसणार नाही. घरच्यांचं म्हणणं पांढराशुभ्र. कोणाचं ऐकावं? (वाचक, नाशिक)

पेंटरचं ऐकू नका आणि घरच्यांचं अर्धंच ऐका.

गडद राखाडी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के परत टाकते. ताजा पांढरा ऐंशीच्या आसपास टाकतो, फिकट क्रीम सत्तरच्या. तुमच्या मापाच्या खोलीत कामापुरता, म्हणजे ३०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड हवा असेल, तर फिकट भिंतींना २० वॅटच्या साधारण सहा एलईडी पट्ट्या पुरतात. गडद भिंती असल्या तर तेवढ्याच उजेडाला आठ-नऊ लागतील. विजेचं सोडा, खरा घोळ सावलीचा आहे. फळीवर गुण्या (काटकोनाची सुतारी पट्टी) टेकवून पेन्सिलीची रेघ मारताना उजेड फक्त डोक्यावरून येत असेल, तर हाताची आणि गुण्याच्या कडेची सावली नेमकी रेघेवर पडते आणि करवत अर्ध्या मिलिमीटरने चुकते. फिकट भिंती आजूबाजूने उजेड टाकून ती सावली पातळ करतात. भिंतीचं काम एवढंच. ती दिसायला कशी आहे हे नंतर पाहू.

मग सगळीकडे पांढरा का नको? कारण टेबलाच्या उंचीखाली भिंतीला फळ्या टेकतात, हात लागतात, सरसाचे ओघळ येतात. म्हणून छत पांढरं आणि पूर्ण मॅट. भिंतीचा वरचा भाग ऑफ-व्हाइट, तोही मॅट किंवा अगदी मंद चकाकीचा. जमिनीपासून चार फुटांपर्यंत मध्यम राखाडी पट्टा, सॅटिन फिनिशच्या एनॅमलचा. शेडकार्डच्या मागे किंवा कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक शेडचा एलआरव्ही आकडा असतो, म्हणजे उजेड परतवण्याचं प्रमाण. वरच्या भागाला तो ७० च्या पुढे बघा, पट्ट्याला ३० ते ४०. कामाच्या टेबलामागे ग्लॉस घेऊ नका. पुसायला सोपा असतो हे खरं, पण ट्यूबचं प्रतिबिंब डोळ्यांत येतं आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरतं. टेक्श्चर पेंट तर नकोच, त्याच्या खाचांत बसलेला भुसा ब्रशनेही निघत नाही.

माल किती लागेल ते पाहू. चारही भिंती मिळून ५६० चौरस फूट, शटर-दार-खिडकी वजा जाता साधारण ४६०. त्यातला चार फुटी पट्टा १८०, वरची भिंत २८०, शिवाय छत १८०. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे ६० चौरस फूट धरा. छताला ४ लिटरचा एक डबा, वरच्या भिंतीला ४ आणि १ लिटरचे मिळून पाच लिटर. पट्ट्याला एनॅमल ३ लिटर. प्रायमर सगळं मिळून साडेसहा-सात लिटर. टिंटिंग मशीनवर बनवलेला रंग असेल तर दोन्ही डबे आधी एका बादलीत ओतून एकजीव करा, मगच भिंतीला लावा. दोन डब्यांतला किंचित फरक भिंतीच्या मधोमध उभा राहिला की तिसऱ्या हाताशिवाय जात नाही. शेडचा कोड आणि बेसचं (ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या मूळ रंगाचं) नाव झाकणाच्या आतून लिहून ठेवा, डब्यावरचं लेबल रंगाने माखतं.

शेड नक्की करण्यापूर्वी दोन फूट चौकोनी हार्डबोर्डवर दोन हात मारून वाळवा आणि तो तुकडा शटरजवळ, कोपऱ्यात, टेबलामागे असा फिरवून बघा. एकदा भर दुपारी, एकदा रात्री फक्त दिव्यांत. दुकानातल्या उजेडात पसंत केलेली क्रीम घरी पिवळी निघते ती याच कारणाने.

पट्ट्याच्या वरच्या कडेला मास्किंग टेप लावाल तेव्हा एनॅमल ओलसर असतानाच ती खेचून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कड कुरतडल्यासारखी येते.

प्रश्न : गाडीच्या दाराला गॅरेजमध्ये टच-अप केलं की रंग जुळलेला दिसतो. बाहेर उन्हात नेलं की ठिगळ उघडं पडतं. गॅरेजच्या भिंती पोपटी आहेत. त्याचा काही संबंध असेल का? (वाचक, पुणे)

आहेच. पोपटी भिंतीवरून परतणारा उजेड पोपटीच असतो आणि तो दारावर पडतो. तुम्ही त्या उजेडात रंग जुळवता, म्हणजे डोळ्याला नकळत तांबडेपणाकडे झुकवता.

पण सगळं खापर भिंतीवर फोडता येणार नाही. मूळ रंग आणि टच-अपचा रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतील तर ते एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. मेटॅलिकमध्ये आणखी एक भानगड आहे : ब्रशने लावलेल्या थरात अॅल्युमिनियमचे कण आडवेतिडवे बसतात, फवाऱ्याने मारलेल्या थरात ते बरेचसे पत्र्याला समांतर, सपाट पडतात. त्यामुळे समोरून जुळलेला चंदेरी रंग बाजूने काळपट दिसतो.

भिंतींना उदासीन राखाडी द्या, मॅट. मन्सेल पद्धतीत (रंगांना क्रमांक देण्याची एक पद्धत) ज्याला एन ७ किंवा एन ८ म्हणतात ती पातळी. दुकानात 'ग्रे' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक शेड निळसर किंवा तपकिरी झाकेच्या असतात, तेव्हा नमुना छायाचित्रकारांच्या ग्रे कार्डशेजारी धरून पाहा. दिवे ५००० केल्विनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचे पांढरे, आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे घ्या, डब्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात. आणि दाराला हात लावण्यापूर्वी पत्र्याच्या एका तुकड्यावर फवारा मारून, वाळवून, तो बाहेर सावलीत गाडीच्या अंगाशी धरा. उन्हात नको, उन्हाच्या चकाकीत बारीक फरक बुडून जातो.

प्रश्न : चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून तीन वर्षांपूर्वी खालच्या भागाला ऑइलपेंट दिला. दर पावसाळ्यानंतर फुगे येतात, पापुद्रे निघतात, खाली पांढरी पूड पडते. इथे टिकेल असा कोणता रंग आहे? (वाचक, सावंतवाडी)

पाणी थांबल्याशिवाय कोणताच नाही. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. तुम्ही त्याच्या आतल्या अंगाला ऑइलपेंटचं प्लॅस्टिक गुंडाळलंत. आता भिंतीतलं पाणी बाहेर यायला धडपडतं आणि रंगाला ढकलतं.

पापुद्र्याची आतली बाजू नखाने खरवडून बघा. कोरडी पांढरी पूड असेल तर तो लोणा : भिंतीतले क्षार पाण्याबरोबर येऊन पृष्ठभागाशी सुकले. चिकट, साबणासारखं लागत असेल तर ती दुसरी गोष्ट. सिमेंटमधला अल्कली ऑइलपेंटमधल्या तेलाशी ओलाव्यात भिडतो आणि खरोखरचा साबण बनतो. नव्या गिलाव्यावर तीन महिने न थांबता ऑइलपेंट फासला की हे हमखास होतं. कोकणात बहुधा दोन्ही एकत्र सापडतात.

आधी बाहेर फेरी मारा. अंगणाची माती आतल्या जमिनीपेक्षा वर आली आहे का, पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं का, चिऱ्यांच्या सांध्यांतला दर्जा (भरलेला मसाला) निघाला आहे का, हे पाहून ते दुरुस्त करा. ऑइलपेंट पूर्ण खरवडा. निघालेली पूड कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. धुतलेले क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत भिंत उघडी ठेवा. एक फूट चौकोनी जाड पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आत दव धरलं असेल तर अजून थांबायचं.

वाळल्यावर चुना द्या. हसू नका, ओल्या प्रदेशात चुन्याइतका समजूतदार रंग नाही, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. कळीच्या (न विरवलेल्या) चुन्याच्या किलोमागे ५ लिटर पाणी. लोखंडी पिंपात पाणी आधी, त्यात चुना थोडा थोडा टाका. उलट केलं तर उकळून अंगावर उडतो, म्हणून डोळ्यांना गॉगल आणि हातांना मोजे हवेतच. प्लॅस्टिकची बादली वितळेल. २४ तासांनी जाड कापडाने गाळून पातळ तीन हात द्या. चिमूटभर निळीने पिवळटपणा जातो. रंगीत हवा असेल तर पिवळी माती किंवा गेरू, कारण चुन्याच्या दाहकतेत टिकणारे रंग थोडेच आहेत. गुलाबी-जांभळ्या पुड्या काही महिन्यांत उडतात.

चुना कपड्यांना लागतो ही त्याची खोड. तेव्हा कामाच्या टेबलामागे भिंतीला एक इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोकून त्यांवर सिमेंट बोर्ड बसवा, खाली-वर हवेला फट ठेवा आणि हवा तो धुता येणारा रंग त्या बोर्डाला द्या.

प्रश्न : गॅरेजच्या कोब्यावर फ्लोअर पेंटचे दोन हात दिले. महिन्याभरात चाकांखालचे चार चट्टे उचलून आले. आता इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा कडक थर) करायचं आहे. रंग पांढरा घ्यावा की गडद? (वाचक, नागपूर)

रंगाचं नंतर. आधी चट्टे का आले ते समजून घ्या, नाहीतर इपॉक्सीचेही येतील.

डांबरी रस्त्यावरून आलेलं टायर चांगलंच तापलेलं असतं. गाडी उभी राहिली की ते थंड होताना आकसतं आणि खालच्या थराला ओढतं. रबरातले तेलकट घटक त्या थराला मऊ करतात. एका डब्यातला फ्लोअर पेंट एवढं सोसत नाही. त्यात कोब्यावर सिमेंटची गुळगुळीत साय असते. रंग तिलाच चिकटतो, ती कोब्याला धड चिकटलेली नसते. उचललेल्या पापुद्र्याच्या पाठीला राखाडी पूड दिसली तर हेच झालं आहे.

म्हणून कोबा ग्राइंडरच्या डायमंड कप व्हीलने घासून घ्या, बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागेपर्यंत. तेलाचे डाग त्याआधी डीग्रीझरने दोन-तीनदा काढा, नाहीतर घासताना तेल पसरतं. मग पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात शोषले गेले तर जमीन तयार, मोत्यासारखे उभे राहिले तर पुन्हा घासा. सावंतवाडीच्या उत्तरातली पॉलिथिनची परीक्षा इथेही करा.

इपॉक्सीचे दोन घटक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, मोजून. अंदाजाने हार्डनर 'थोडा जास्त' टाकला की लवकर वाळत नाही, कायमचा चिकट राहतो. कमी वेगाच्या ड्रिलने तीन मिनिटं ढवळा, कडेचा आणि तळाचा माल खरवडून मिसळा. मिसळलेला माल डब्यात ठेवू नका, जमिनीवर लांब धारेत ओतून रोलरने पसरा. डब्यात तो स्वतःच तापतो आणि गोळा होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण अर्धा होतो. २५ अंशांना ४० मिनिटं मिळत असतील तर नागपूरच्या मे महिन्यात दहा-बारा मिनिटांत रोलर अडकेल. डिसेंबर-जानेवारीत करा. प्रायमर आणि दोन थर झाल्यावर सात दिवस गाडी आत घेऊ नका.

आता रंग. पांढऱ्यावर टायरचे तपकिरी डाग पडतात. ते मळाचे नाहीत, रबरातून झिरपलेले असतात, घासून जात नाहीत. गडद जमिनीवर धूळ दिसते आणि काळा स्क्रू दिसत नाही. फिकट आणि मध्यम यांच्या मधली राखाडी घ्या, एलआरव्ही ४० ते ५०. रंगीबेरंगी पापड्या टाकलेलं इपॉक्सी कॅटलॉगमध्ये छान दिसतं आणि मळ लपवतं, पण कार्ब्युरेटरचा पडलेला जेटही तितकाच छान लपवतं. शटरच्या तोंडाशी ऊन येतं तिथे इपॉक्सी पिवळं पडून पुडी सोडतं, त्या दोन-तीन फुटांवर पॉलियुरेथेनचा वरचा थर द्या. ओल्या चपलांनी घसरू नये म्हणून वरच्या थरात बारीक क्वार्ट्झ वाळू भुरभुरवता येते, फक्त झाडू जड जाईल.

प्रश्न : वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात वेल्डिंग करतो. उजेड वाढावा म्हणून तिथे अॅल्युमिनियम पेंट द्यावा असं सुचवलंय. दुसरे म्हणतात काळा द्या. (वाचक, इचलकरंजी)

अॅल्युमिनियम पेंट अजिबात देऊ नका. वेल्डिंगच्या आर्कमधले, म्हणजे लखलखत्या विद्युत ज्योतीतले, अतिनील किरण तो परतवतो आणि शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यांत बाजूने टाकतो. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते यानेच.

काळा मॅट चालेल, पण तो कोपरा अंधारा करतो आणि काचेआडून काही दिसेना होतं. बरेच जण चकित होतील असा तिसरा मार्ग आहे : साधा पांढरा किंवा फिकट राखाडी मॅट इमल्शन. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड दिसणारा उजेड परत टाकतं, पण अतिनील किरण बहुतांशी शोषून घेतं. झिंक ऑक्साइडही तसंच. अट एकच, चकाकी नको. ठिणग्या पडतात तेवढ्या भागात भिंतीऐवजी पत्रा किंवा सिमेंट बोर्ड लावा.

प्रश्न : नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या शेडला ऑइलपेंट दिला, वर्षभरात पापडासारखा सुटला. उन्हाळ्यात शेड भट्टी होते, म्हणून आतूनही पांढरा देणार आहे. (वाचक, लातूर)

जस्त आणि ऑइलपेंट यांचंही, सावंतवाडीच्या उत्तरात सांगितलं तसं, साबणाचंच नातं आहे. नव्या पत्र्याला आधी थिनरने पुसून जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊन रंगाला पकड देणारा, द्या, मग रंग.

पांढरा द्यायचा तर छताच्या बाहेरून, ऊन परतवायला. आतून दिलात तर उजेड वाढेल, पण उष्णताही. कोरा चकचकीत पत्रा आतल्या बाजूने उष्णता कमी फेकतो, कोणत्याही रंगाचा थर चढला की तो तापलेल्या तव्यासारखी डोक्यावर फेकू लागतो. आतल्या भिंती रंगवा, छताची खालची बाजू सोडा.

प्रश्न : जुना लेथ आणि ड्रिल मशीन रंगवायचं आहे. कोणत्या रंगाची पद्धत आहे? (वाचक, चाकण)

अंगाला फिकट राखाडी किंवा मळकट हिरवा. भारतीय मानक आयएस ५ च्या शेडकार्डात लाइट अॅडमिरल्टी ग्रे ६९७ सहज मिळतो, कंट्रोल पॅनेलवर दिसणारा आरएएल (युरोपातली रंगक्रमांकांची पद्धत) ७०३५ सुद्धा चालतो. गार्डच्या आतल्या बाजूला नारिंगी, म्हणजे झाकण उघडं राहिलं की डोळ्यांत खुपेल. लाल रंग बंद करण्याच्या बटणाला आणि अग्निशामकालाच, बाकी कशाला नको. डोकं आपटेल अशा कडेला पिवळ्या-काळ्या तिरक्या पट्ट्या. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष कमी नाहीत, म्हणून चालू-बंद बटणं फक्त रंगाने वेगळी न ठेवता आकारानेही वेगळी ठेवा. ज्यावर भाग सरकतात त्या बेडला, काम पकडणाऱ्या चकला, मापांच्या डायलला रंग लावू नका. पेंटर उत्साहाने लावतात.

प्रश्न : आजोबांच्या काळातल्या गॅरेजची दारं पिवळ्या ऑइलपेंटची आहेत. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून उडवू का? (वाचक, सातारा)

नको. जुन्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची (दशलक्षात ९० भागांची) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीचं काहीच गृहीत धरता येत नाही. ग्राइंडरने त्याची बारीक धूळ होते. मुलांच्या पोटात ती जाणं सगळ्यात वाईट. हीट गनही जोरात नको, त्याने धूर होतो.

रंग घट्ट धरून असेल तर काढूच नका. वॉटरपेपर पाण्यात बुडवून वरची चकाकी मारा, पुसा आणि नवा प्रायमर व रंग चढवा. सुटलेला भाग पाण्याने भिजवून पत्र्याने खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, तोंडाला पी२ किंवा एन९५ मास्क लावा. मुलांना त्या दिवशी लांब ठेवा. निघालेला चिखल वाळू न देता पिशवीत बांधा, अंगणातल्या झाडांच्या बुंध्याशी ओतू नका. कामाचे कपडे घरच्या धुण्यात न टाकता वेगळे धुवा.